छाटणी की कापणी? लॅव्हेंडरच्या एका नियमाचा इतिहास

गेल्या वर्षी जानेवारीत गावी जाताना मी पुण्याच्या एका नर्सरीतून लॅव्हेंडरची कुंडी नेली. आमचं गाव निफाड तालुक्यातलं, घर द्राक्षाच्या बागेत. आप्पांनी कुंडी बघितली, पान चोळून वास घेतला आणि विचारलं, "हिला काय लागतं?" मी वाचलेलं सांगितलं, "पाणी कमी, ऊन भरपूर, आणि वर्षातून एकदा छाटणी."

एप्रिलमध्ये बागेची खरड छाटणी सुरू झाली. आप्पांनी त्याच कात्रीने लॅव्हेंडरचीही छाटणी केली. चाळीस वर्षं द्राक्ष छाटणारा हात तो. हिरवं सगळं काढलं, खाली बोटभर तपकिरी खोड ठेवलं. मग वाट बघितली. पंधरा दिवस गेले, महिना गेला, एकही डोळा फुटला नाही. जूनमध्ये मी गेले तेव्हा कुंडीत काटक्या होत्या. आप्पा एवढंच म्हणाले, "वेल असता तर कधीच फुटला असता. हे माझ्या हातून मेलं."

मला ते लागलं, कारण चूक त्यांची नव्हती. मी त्यांना अर्धा नियम दिला होता. पूर्ण नियम असा आहे: लॅव्हेंडर दरवर्षी छाटा, पण जुन्या लाकडात कात्री घालू नका. एका कुंडीवरून सिद्ध काहीच होत नाही. एप्रिलच्या उन्हानेही ते झाड मेलं असेल. पण माझ्या डोक्यात प्रश्न राहिला: हा नियम आला कुठून? तो कोणी, कुठे, कशासाठी बनवला?

मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि आता बागकामाच्या ज्ञानाच्या इतिहासावर पीएच.डी. करते आहे. त्यामुळे हा प्रश्न घरचाही होता आणि कामाचाही. तो सोडवताना मी जी चूक केली ती तुमच्यापैकी बरेच जण पहिल्या वर्षी करणार आहेत, म्हणून हा लेख.

आधी झाडाचं बघू

लॅव्हेंडर हे ना धड झुडूप, ना धड रोप. खालचा भाग लाकडासारखा कडक होत जातो आणि वरचा भाग दरवर्षी नवा, हिरवा, पानांचा येतो. त्या हिरव्या भागातून उंच दांडे निघतात आणि टोकाला फुलांचे तुरे येतात. नवीन फूट येते ती मुख्यतः पानांच्या बगलेतल्या डोळ्यांतून. खालच्या जुन्या, बिनपानाच्या लाकडातून फूट क्वचितच येते. म्हणून पानांची हिरवी पट्टी शिल्लक ठेवून छाटलं तर झाड दाट होतं, आणि पट्टीच्या खाली गेलं तर बहुतेक वेळा ते संपतं.

द्राक्षाचं उलटं. वेलीच्या जुन्या लाकडातही सालीखाली सुप्त डोळे असतात. खरड छाटणीचं सगळं गणितच त्यावर उभं आहे: एप्रिलमध्ये काडी ओलांड्याजवळ एक-दोन डोळ्यांवर आणायची, नवी फूट घ्यायची, नव्या काडीत माल धरायचा आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करायची. गुलाबही जोरात छाटलेला सोसतो. म्हणजे आप्पांच्या हाताला जे माहीत होतं ते बरोबरच होतं, फक्त ते दुसऱ्या झाडाचं होतं.

आणि छाटलं नाही तर? तर दरवर्षी हिरवा भाग थोडा थोडा वर सरकतो, खाली उघडं लाकूड वाढत जातं, झाड मधून फाकतं आणि पाच-सहा वर्षांत विस्कटतं. म्हणजे छाटायचं तर आहे, पण एका अरुंद पट्ट्यातच. असा नेमका नियम लोकांना कळला कसा?

माझी चूक

मी जे केलं ते आजकाल आपण सगळेच करतो. जुन्या पुस्तकांच्या स्कॅन प्रती उघडल्या आणि 'छाटणी' या अर्थाचे शब्द शोधले. जॉन जेरार्डचा 'हर्बल', १५९७. जॉन पार्किन्सनचं 'पॅराडिसी इन सोल', १६२९. लॅव्हेंडरच्या प्रकरणात छाटणीचा नियम मिळेना. मला आनंद झाला. वाटलं, सापडलं! पहिल्याच प्रेझेंटेशनमध्ये मी स्लाइड टाकली: 'सतराव्या शतकापर्यंत लॅव्हेंडरच्या छाटणीचं ज्ञान अस्तित्वात नव्हतं.'

मॅडमनी स्लाइड तिथेच थांबवली. म्हणाल्या, "ज्ञान अस्तित्वात नव्हतं, की तू शोधलंस तिथे ते लिहिलेलं नव्हतं?" मला उत्तर देता आलं नाही. मग दुसरा प्रश्न आला, "ती माणसं त्या झाडाचं वर्षभर करत काय होती?"

पुढचे तीन महिने मी या दुसऱ्या प्रश्नावर काढले.

पुस्तक गप्प का होतं?

आधी पहिल्या प्रश्नाचं बघू. जेरार्डचं पुस्तक हे 'हर्बल' आहे. हर्बल म्हणजे औषधी आणि उपयोगी वनस्पतींचा ग्रंथ, आणि त्याचा साचा ठरलेला असतो. झाडाचं वर्णन, ते कुठे उगवतं, कधी फुलतं, त्याला कोणकोणती नावं आहेत, त्याची प्रकृती उष्ण की शीत, आणि त्याचे गुण काय. आपल्याकडच्या निघंटूंशी तुलना केली तर चटकन कळेल. निघंटूत तुळशीचे गुण मिळतील, पण तुळशीच्या मंजिऱ्या कधी खुडायच्या हे कोणी निघंटूत शोधणार नाही. ते घरातल्या आजीला माहीत असतं.

म्हणजे पुस्तकातली शांतता ही त्या ग्रंथप्रकाराची शांतता होती. मी ती माणसांच्या अज्ञानाची खूण समजले.

दुसरा घोळ शब्दांचा. पार्किन्सन नक्षीदार वाफ्यांच्या कडेला लावायच्या झाडांबद्दल लिहितो, त्यात 'लॅव्हेंडर कॉटन' येतं. मी ते उत्साहाने टिपून घेतलं. पण लॅव्हेंडर कॉटन म्हणजे सँटोलिना, सूर्यफुलाच्या कुळातलं झाड! लॅव्हेंडर तुळशीच्या कुळातलं. नाव सारखं, झाड वेगळं. माझ्या नोंदींपैकी काही थेट कचऱ्यात गेल्या.

शास्त्रीय नावानेही सुटका नाही. लिनियसने १७५३ मध्ये 'लॅव्हेंड्युला स्पायका' हे नाव दिलं, पण त्या एका नावाखाली आज आपण वेगळ्या मानतो अशा दोन जाती एकत्र आल्या होत्या. लंडनच्या चेल्सी फिजिक गार्डनचे प्रमुख माळी फिलिप मिलर यांनी १७६८ मध्ये आपल्या 'गार्डनर्स डिक्शनरी'च्या आठव्या आवृत्तीत 'लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलिया' हे नाव वापरलं, आणि आज जिला आपण 'इंग्लिश लॅव्हेंडर' म्हणतो तिचं तेच अधिकृत नाव आहे. गंमत म्हणजे ही 'इंग्लिश' लॅव्हेंडर मूळची इंग्लंडची नाहीच. ती भूमध्य समुद्राकाठच्या डोंगराळ प्रदेशातली, मुख्यतः दक्षिण फ्रान्स, स्पेन, इटली या भागातली.

माणसं काय करत होती?

आता मॅडमचा दुसरा प्रश्न. 'छाटणी' हा शब्द सोडून मी 'कापणी' शोधायला लागले, आणि चित्र एकदम बदललं.

लंडनच्या दक्षिणेला सरे परगण्यात मिचम नावाचं गाव होतं. अठराव्या शतकात इथे औषधी आणि सुगंधी वनस्पतींची शेती वाढली. १७४९ मध्ये पॉटर अँड मूर ही पेढी इथे सुरू झाली, आणि मिचमच्या लॅव्हेंडर तेलाचं नाव पुढे जगभर गेलं. उन्हाळा उतरणीला लागला की मजूर, त्यात बायकाही, विळ्याने फुलांचे दांडे कापत. ते बांधून ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांकडे नेत. लंडनच्या रस्त्यांवर लॅव्हेंडरच्या जुड्या विकणाऱ्या बायका असत. लोक त्या जुड्या कपड्यांच्या कपाटात ठेवत. पुढे शहर वाढत गेलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मिचमची शेतं घरांखाली गेली.

फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात गोष्ट थोडी वेगळी. तिथे लॅव्हेंडर डोंगरउतारांवर आपोआप उगवत होती. खरी, 'फाइन' लॅव्हेंडर साधारण ८०० मीटरच्या वर. एकोणिसाव्या शतकात गावं ओस पडायला लागली, धान्याची शेतं पडीक झाली आणि त्या जागी लॅव्हेंडर पसरली. दुसरीकडे ग्रास शहरातल्या अत्तर उद्योगाला तेल हवं होतं. मग डोंगरातली कुटुंबंच्या कुटुंबं, बायका-मुलांसह, विळे घेऊन उतारावर जात, कापलेली फुलं कापडी झोळीत भरत आणि पाण्याजवळ मांडलेल्या तांब्याच्या भट्टीवर तेल काढत. रांगेने लागवड करून शेती वाढली ती विसाव्या शतकात, आणि कापणीची यंत्रं आली १९५०च्या दशकात.

आता विळा धरणाऱ्या माणसाच्या जागी उभं राहून विचार करा. तेल कुठे असतं? मुख्यतः फुलांच्या देठाशी असलेल्या हिरव्या-जांभळ्या पेल्यावरच्या बारीक ग्रंथींमध्ये. लाकडात नसतं. मग कापणाऱ्याने विळा किती खाली घालायचा? दांडा आणि वरची थोडी पानं येतील इतकाच. त्याहून खाली गेलं तर भट्टीत निरुपयोगी काडी जाते, वजन वाढतं, विळ्याची धार जाते. लाकडात विळा घालायचं त्याला काही कारणच नाही.

म्हणजे जे तेलाला सोयीचं होतं तेच झाडालाही सोयीचं होतं! दरवर्षी फुलोरा संपत आला की हिरव्या पट्टीच्या वरच्या अंगाला काप बसत होता. शेताला छाटणी मिळत होती, फक्त तिला कोणी छाटणी म्हणत नव्हतं. तिचं नाव कापणी होतं. आज प्रोव्हान्सच्या फोटोंत जे गोल गोल जांभळे गोळे ओळीने दिसतात, तो आकारही दरवर्षीच्या कापणीनेच राखलेला. (त्या फोटोंतली झाडं बऱ्याचदा लॅव्हेंडर नसून लॅव्हँडिन असतात. लॅव्हँडिन म्हणजे लॅव्हेंडर आणि तिची रुंद पानांची बहीण यांचा संकर. वॅलेन्सोलच्या पठारावर मुख्यतः तीच आहे. नावांचा घोळ इथेही सुटत नाही.)

आणखी एक गोष्ट. शेतकरी झाड म्हातारं होईपर्यंत सांभाळत बसत नाही. उत्पन्न उतरलं की जुनी झाडं काढतो आणि फांदीचे तुकडे लावून नवी करतो. त्यामुळे 'जुन्या लाकडाचं काय करायचं' हा प्रश्न त्याच्यापुढे फारसा उभाच राहत नाही.

मग नियम कधी लागला?

माझं म्हणणं असं आहे: नियम लागला तो कापणी थांबली तेव्हा.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये घरच्या बागेची एक नवी आवड रुजली. सरेमधल्या मन्स्टेड वुडच्या गर्ट्रूड जीकल या तिच्या सगळ्यांत प्रभावी लेखिका आणि बागकार. ग्लॉस्टरशरमधल्या हिडकोट मॅनरची लॉरेन्स जॉन्स्टन यांची बागही गाजली. आज नर्सरीत मिळणाऱ्या लॅव्हेंडरच्या दोन प्रसिद्ध वाणांची नावं याच बागांवरून आली आहेत: 'मन्स्टेड' आणि 'हिडकोट'. या बागांत लॅव्हेंडर होती ती रंगासाठी, वाटेच्या कडेसाठी. तेल काढायचं नव्हतं.

घराच्या बागेत आल्यावर झाडाच्या आयुष्यातले दोन आधार गेले. एक, दरवर्षीचा विळा. दुसरा, काही वर्षांनी होणारी नवी लागवड. फुलं सुकेपर्यंत झाडावरच राहायला लागली, आणि एकच झाड दहा-पंधरा वर्षं टिकावं अशी अपेक्षा आली. जे काम पोटासाठी आपोआप होत होतं ते आता आठवणीने, शब्दांत सांगून करायची वेळ आली. कापणी करणाऱ्याला 'लाकडात जाऊ नको' असं सांगायची गरज नव्हती. हातात कात्री घेऊन झाडाला 'आकार द्यायला' निघालेल्या हौशी माणसाला मात्र ती होती.

आज इंग्लंडची रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी जो सल्ला देते तो असा: उन्हाळ्याच्या शेवटी, फुलोरा संपल्यावर, दांडे काढा आणि सोबत त्या वर्षीच्या हिरव्या वाढीतला साधारण अडीच सेंटिमीटर भाग काढा. जुन्या तपकिरी लाकडात जाऊ नका. हा सल्ला मिचमच्या मजुरांच्या हालचालीशेजारी ठेवून बघा. वेळ तीच, जागा तीच. कापणी संपली, पण तिची आठवण छाटणीचा नियम म्हणून उरली.

या मजुरांनी बागकामाची पुस्तकं लिहिली नाहीत. ज्यांनी पुस्तकं लिहिली त्यांच्या हातात विळा नव्हता. म्हणून 'छाटणी' शोधणाऱ्या मला ती माणसं दिसलीच नाहीत.

हे फक्त जुन्या काळापुरतं आहे असंही नाही. आपल्याकडे जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भद्रवाह भागात बऱ्याच शेतकऱ्यांनी मक्याऐवजी लॅव्हेंडर लावली आहे. जम्मूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन ही सीएसआयआरची संस्था अरोमा मिशनमधून त्यामागे आहे, आणि वर्तमानपत्रांत तिला 'जांभळी क्रांती' म्हणतात. तिथेही जून-जुलैच्या सुमारास विळ्याने फुलं कापली जातात. तिथली शेतं बघायला गेलात आणि 'तुम्ही छाटणी कधी करता' असं विचारलंत, तर माझ्यासारखं चुकीचं उत्तर घेऊन परत याल. 'फुलं कशी कापता, विळा कुठवर घालता' असं विचारा.

नियमाला पत्ता असतो

या सगळ्यात मला एक गोष्ट उशिरा कळली. हा नियम 'लॅव्हेंडर'चा नाही. तो लॅव्हेंड्युला अँगस्टिफोलियाचा आहे, आणि तोही इंग्लंडच्या हवेतला. 'उन्हाळ्याच्या शेवटी' म्हणजे तिथे ऑगस्ट. त्यामागे कारण आहे: कापल्यावर येणारी कोवळी फूट थंडीआधी जून व्हायला हवी. आपल्याकडे ऑगस्टमध्ये धो धो पाऊस असतो आणि या झाडाला सगळ्यात मोठा धोका बर्फापेक्षा ओल्या मुळांचा आहे. ऑगस्ट हा शब्द तसाच उचलला तर नियम हातात राहतो आणि त्यामागचं कारण इंग्लंडमध्येच राहून जातं.

शिवाय लॅव्हेंडर वंशात तिसाहून जास्त जाती आहेत, आणि त्यांतल्या दोन आपल्या सह्याद्रीत रानात उगवतात! त्यांपैकी एक लॅव्हेंड्युला गिब्सोनी. जॉन ग्रॅहम यांच्या १८३९ च्या मुंबई परिसरातील वनस्पतींच्या सूचीत हे नाव येतं. ते दिलं आहे अलेक्झांडर गिब्सन यांच्यावरून. हे दापोडीच्या सरकारी वनस्पती उद्यानाचे प्रमुख आणि पुढे मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक. दुसरी लॅव्हेंड्युला बायपिनाटा. सह्याद्रीचा पाऊस सोसणाऱ्या या जातींना प्रोव्हान्सच्या कोरड्या उतारांचा नियम आंधळेपणाने कसा लावायचा? वंश एक म्हणून नियम एक, असं होत नाही.

तुमच्या घरी कुंडी असेल तर तारखेपेक्षा झाडाकडे बघा. तुरे सुकायला लागले की दांडे काढा, दांड्याखालची थोडी हिरवी वाढ काढा आणि पानांच्या निदान दोन-तीन जोड्या राहू द्या. मातीत भरड वाळू मिसळा, कुंडीच्या तळाची भोकं मोकळी ठेवा, पावसाळ्यात कुंडी वळचणीला घ्या. आणि काढलेल्या हिरव्या फांद्यांतून दोन-चार तुकडे वाळूत खोचून ठेवा. झाड गेलं तरी तुकडे राहतात.

तुमच्यासाठी एक गृहपाठ

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमच्या विषयातला एखादा नियम घ्या, जो सगळे सांगतात पण 'का' विचारल्यावर सगळे गप्प बसतात. प्रयोगशाळेतला असो, शेतीतला असो, स्वयंपाकातला असो. त्याला तीन प्रश्न विचारा. हा नियम नेमका कोणत्या वस्तूचा आहे, की नुसत्या नावाचा? तो कोणत्या जागेचा आणि हवेचा आहे? आणि तो लिहिला जाण्याआधी ते काम कोण, कोणत्या नावाने करत होतं? तिसऱ्या प्रश्नाला कीवर्डने उत्तर मिळत नाही. त्यासाठी कामाची कल्पना करावी लागते: हातात काय आहे, कशासाठी आहे, हात कुठे थांबतो. माझी ती स्लाइड आता अशी आहे: 'सतराव्या शतकातल्या हर्बल ग्रंथांत लॅव्हेंडरची छाटणी वेगळी नोंदवलेली दिसत नाही, कारण हे ग्रंथ गुणांसाठी लिहिले होते.' वाक्य लांबलं आणि दावा लहान झाला. मॅडमनी तिच्यावर बरोबरची खूण केली.

या जानेवारीत मी गावी दुसरी कुंडी नेली. या वेळी आप्पांना 'छाटणी' हा शब्दच सांगितला नाही. म्हटलं, "आप्पा, हे अत्तराचं पीक आहे. तेल फुलात असतं, लाकडात नसतं. तुम्ही कापणी कशी कराल?" त्यांनी झाड फिरवून बघितलं, दांडा पानांशी जिथे मिळतो तिथे बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथून. खाली कशाला जायचं?"

मार्चमध्ये त्यांनी पहिले तुरे कापले. आईने ते रुमालात बांधून साड्यांच्या कपाटात ठेवले आहेत. कुंडी सध्या ओसरीवर आहे, पाऊस जवळ आलाय. काय होतं ते कळवेन.